सुकुमारबरोबर मुरगूडपलीकडे

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या जळगावकडची माणसं आधी अंबाबाईच्या दर्शनाचं विचारतात आणि मग तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं. मी देवळाच्या जवळपर्यंत गेले आणि दर्शन न घेताच मागे फिरले. रस्सा चाखला नाही, कारण ज्यांच्या घरी उतरले ते जैन होते. तरी त्या प्रवासाबद्दल लिहावंसं वाटतं. मी गेले त्या वाटेनं सहसा कोणी हौसेनं जात नाही.

मी जळगावजवळच्या एका निवासी संस्थेत काळजीवाहक आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी माणसं आमच्याकडे राहतात. त्यांना जेवू घालणं, दाढी करून देणं, वेळेवर गोळ्या देणं, फिट आली की कुशीवर वळवून शेजारी बसून राहणं, हे माझं काम. बोलताना सगळेच त्यांना ‘मुलं’ म्हणतात. पन्नाशी उलटलेल्या माणसालासुद्धा.

सुकुमार त्यांतलाच एक. पंचेचाळिशीच्या आसपासचा, आडव्या अंगाचा, कानाजवळचे केस पांढरे झालेला. विशीत असताना वडिलांनी त्याला आणून सोडलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसानं इतक्या लांब का आणलं, असं संस्था चालवणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी तेव्हा विचारलं होतं म्हणे. वडील म्हणाले होते, ‘जवळ ठेवलं तर त्येची आई रोज येऊन बसंल.’ ते स्वतः वर्षातून एकदा येत, गुळाची ढेप देत आणि संध्याकाळच्या गाडीनं जात. ते वारल्यावर तेही थांबलं.

सुकुमारजवळ शब्द थोडे. एरवी व्हय, नगं, भूक, आणि मला हाक मारायला ‘तायी’; फारच अडलं तर दोन-तीन शब्द जोडायचा. आणखी एक शब्द होता. संध्याकाळ झाली की खाटेवर बसून तो म्हणायचा, ‘अव्वा, अव्वा.’ आम्हाला ते ‘हवा’ ऐकू यायचं. मी नोकरीला लागले तेव्हा जुन्या बाईंनी मला हेच शिकवलं होतं, की हा हवा म्हणाला की पंखा लावायचा. आम्ही लावायचो, थंडीतसुद्धा. पंखा फिरायला लागला की तो वर बघत राहायचा आणि गप्प व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या भावाचा, भूपाल यांचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली आहे, सुकुमारला एकदा बघायचं म्हणते, घेऊन या. आणि लगेच पुढचं वाक्य, ‘ठेवून घ्यायला न्हवं हां, परत न्यायचा.’

असं मी आणि सुकुमार निघालो.

कोल्हापूर

गाडीतून उतरलो तेव्हा चांगलंच उजाडलं होतं. स्टेशनबाहेर थंडी होती आणि हवेला काकवीसारखा गोड, जड वास होता. साखर कारखाने चालू असले की असा वास येतो, हे नंतर कळलं. सुकुमार थांबला, नाक वर करून त्यानं दोन-तीनदा श्वास घेतला आणि हसला. जळगावला तो असा आपल्या आपण हसलेला मला आठवत नाही.

नाश्त्याला मिसळ घेतली. आम्ही खानदेशी माणसं तिखटाला भिणारी नाही. पण आमचं तिखट हिरव्या मिरचीचं, जिभेवर येतं आणि जातं. इथलं तिखट घशात उतरून बसतं. मी पाण्याचे पेले रिकामे करत होते आणि सुकुमार डोळ्यांतून, नाकातून पाणी गाळत कट संपवत होता. त्याची बशी मी बाजूला सरकवली तर त्यानं ती ओढून घेतली. ‘नगं’ म्हणाला. वाढप्यानं ते बघितलं आणि न विचारता आणखी एक पळी कट ओतला. ‘खाऊ द्या की ओ. गडी हितलाच दिसतोय,’ म्हणाला.

एसटीला वेळ होता म्हणून देवळाकडे निघालो. रस्त्यावर गर्दी होती आणि फुलवाल्या बायका मोठ्यानं बोलावत होत्या. कोल्हापूरची माणसं साधं बोलतानाही भांडल्यासारखी बोलतात. मला त्यात मजा वाटत होती, सुकुमारला भीती वाटली. कळस दिसायला लागल्यावर तो रस्त्यातच खाली बसला आणि कानांवर हात ठेवले. मी तिथूनच हात जोडले आणि त्याला घेऊन मागे फिरले.

स्टँडवर त्याला फिट आली. रात्री गाडीत झोप झाली नव्हती आणि वर देवळाजवळची ती घाबरगुंडी. बाकावरून तो घसरला, तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊ शकले एवढंच. भोवती कडं जमलं. कोणी म्हणालं पाणी पाजा, कोणी किल्ली मुठीत द्यायला सांगितलं. एका दाढीवाल्या रिक्षावाल्यानं पायातली चप्पल काढून सुकुमारच्या नाकाशी धरली.

मी त्याचा हात ढकलला. ‘चप्पल नको. तोंडात काही घालू नका. फक्त लोकांना मागे सरकवा.’

त्यानं चप्पल पायात घातली. मग उठून गर्दीकडे वळला. ‘काय जत्रा हाय व्हय? सरका मागं. ए पावणं, तुमची गाडी लागलीया, पळा तिकडं.’

कडं फुटलं. झटके थांबेपर्यंत तो माणूस उन्हाच्या बाजूला पाठ करून आमच्यावर सावली धरून उभा राहिला. सुकुमारची पँट ओली झाली होती. रिक्षावाल्यानं रिक्षातून जुनं कापड आणून त्याच्या कमरेवर टाकलं आणि मग शेजारी उकिडवा बसून विचारलं, ‘तुमचा कोन ह्यो?’

‘मी यांना सांभाळते. संस्थेत.’

‘म्हंजे नोकरीच की.’

‘नोकरीच.’

‘आनी घरचं?’

‘घरीच निघालोय. मुरगूडच्या पुढे.’

‘किती दिसांनी?’

मी सांगितलं, वीस वर्षं तरी झाली असतील. त्यानं सुकुमारच्या कपाळावरचा घाम कापडाच्या टोकानं पुसला. ‘मग घर कसलं ते,’ म्हणाला. वाईट वाटावं म्हणून तो बोलला नाही. जसं दिसलं तसं बोलला. सुकुमारला कपडे बदलायला त्यानं मदत केली, मुरगूडच्या गाडीत खिडकीजवळ बसवून दिलं, आणि नाव सांगायच्या आत स्टँडाबाहेर गेला.

गाव

कागलपासून पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्याकडे केळीच्या बागांतून रस्ता जातो, पण केळीच्या खोडांमधून पलीकडचं दिसतं. उसातून काहीच दिसत नाही. ठिकठिकाणी तोड चालू होती. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून समोरून येत आणि आमची एसटी रस्त्याच्या खाली उतरून वाट देई. फिट येऊन गेल्यावर सुकुमारला ग्लानी येते. तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता.

मुरगूडला भूपाल गाडी घेऊन आले होते. पन्नाशीचे, उंच, पांढरा शर्ट. भावाला त्यांनी ओळखलं नाही. मला विचारलं, ‘संस्थेच्या ताई का?’ आणि मग माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत राहिले. त्यांनी त्याच्या दंडाला हात लावला, काढून घेतला.

‘लई म्हातारा दिसालाय,’ ते म्हणाले. ‘माझ्यापेक्षा धाकटा हाय ओ ह्यो.’

सुकुमार त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन बघत होता. भूपालनी ते काढून दिलं.

वेदगंगेचा पूल ओलांडून गाडी आत वळली. वाटेत भूपालनी आईचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. आता जेवणही सुटत चाललंय. ‘आमच्यात म्हातारी मानसं शेवट जवळ आला की एकेक सोडत्यात. हिनं आदी गोड सोडलं. मग दूध. आता सकाळी जराशी पेज घेती.’

‘डॉक्टर काय म्हणतात?’

‘डाक्टर काय म्हननार. मनानं सोडालीया ती.’ समोरच्या ट्रॅक्टरला त्यांनी वाट दिली. ‘सोडायच्या आदी सगळ्यांची क्षमा मागत्यात. भावकीची झाली, शेजाऱ्यांची झाली, माझी झाली, बायकोची झाली. सुकुमारची तेवढी ऱ्हायलीया. त्येला आनल्याबिगर मरायची न्हाय म्हनून बसली.’

घर चांगलं बांधलेलं होतं. पुढे फरशीचं अंगण, कोपऱ्यात गाळणं बांधलेला पाण्याचा नळ. भूपाल चप्पल काढून आत गेले आणि दारातूनच त्यांनी हाक मारली.

‘अव्वा. सुकुमार आलाय.’

मी उंबऱ्यावर होते, तिथेच थांबले. अव्वा म्हणजे आई. कर्नाटकाच्या सीमेजवळच्या या घरांमध्ये आईला अव्वा म्हणतात. इतकी वर्षं दर संध्याकाळी तो आईला हाक मारत होता आणि आम्ही उठून पंखा लावत होतो.

मला पुढे विचार करायला वेळ मिळाला नाही. तो शब्द ऐकल्याबरोबर सुकुमार मला बाजूला सारून आत धावला. मी त्याला धावताना कधी पाहिलं नव्हतं. ‘अव्वा,’ म्हणत तो आतल्या खोलीत शिरला. कॉटवर एक म्हातारी पडली होती. केस बारीक कापलेले, अंगाचा नुसता सापळा, तोंडाची एक बाजू ओघळलेली. तिनं उजवा हात वर केला. ‘सुक्या,’ म्हणाली, ‘ये बाळा.’

सुकुमारनं तिच्याकडे बघितलं. मग कॉटच्या पलीकडे बघितलं, दारामागे बघितलं. बाहेर येऊन स्वयंपाकघरात गेला, तिथून परसात. प्रत्येक ठिकाणी ‘अव्वा?’ आणि थोडा वेळ वाट बघणं. परसातून तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा घाबरलेला होता.

भूपालनी त्याला खांद्याला धरून पुन्हा आत नेलं. ‘आरं, हीच अव्वा. बग की नीट.’

‘ही न्हवं,’ सुकुमार म्हणाला. स्पष्ट म्हणाला. आणि माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

तो घरातून गेला तेव्हा त्याची आई पंचेचाळीस-पन्नासची असेल, मोठा अंबाडा घालणारी, बैलाला एकटीनं जुंपणारी. हे सगळं नंतर वहिनींनी सांगितलं. तीच बाई तो शोधत होता. तिच्या जागी निजलेली ही म्हातारी त्याच्या ओळखीची नव्हती.

म्हातारीचा हात तसाच वर होता. मग तो हळूहळू खाली आला. ती एवढंच म्हणाली, ‘त्येला जेवाय वाडा. उनं कलली.’

सूर्य मावळायच्या आत

त्या घरी दिवस मावळल्यावर अन्न शिजत नाही आणि कोणी जेवत नाही. आमच्याकडे नऊ वाजता चूल पेटते, तिथे पाचलाच पानं मांडली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वाटीत काकवी. सुकुमारनं भाकरी काकवीत कुस्करली आणि बोटांनी वाटी पुसून खाल्ली. त्याला हे कोणी शिकवावं लागलं नाही. संस्थेत आम्ही त्याला चमच्यानं खायला शिकवत होतो.

वाढत होत्या त्या पद्मावहिनी, भूपाल यांच्या पत्नी. ‘तुमी बसा, मी करतो की,’ असं त्या म्हणाल्या. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी करतो, मी आलो’ म्हणतात. त्यांच्या तोंडी ते शोभतं. वहिनी दिवसभर कामाला जुंपलेल्या दिसत होत्या, कमरेला पट्टा बांधलेला.

सासूबाईंची कूस बदलायला मी हात लावला तेव्हा पाठीवरची जखम दिसली. लहान नव्हती. वहिनींनी माझं तोंड बघितलं असावं.

‘रोज पुसतो, पावडर लावतो,’ त्या म्हणाल्या. ‘दोन तासाला वळवा म्हनत्यात. दोन तासाला कोन वळवनार ताई? मी एकटी. रानातलं बगू, गोठ्यातलं बगू, का हिला वळवू? भावजींस्नी संस्था मिळाली. मला पन कुनीतरी ताई पायजे हुती.’

आम्ही दोघींनी म्हातारीला वळवलं, पाठीला उशीचा टेकू दिला. म्हातारी डोळे मिटून होती. मी जायला निघाले तेव्हा तिनं विचारलं, ‘रागानं म्हनाला का त्यो? ही न्हवं म्हनून?’

‘नाही आजी. घाबरला फक्त.’

‘मला भ्यालाय,’ ती म्हणाली.

बाहेर भूपाल वाट बघत थांबले होते. उद्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, सांगलीकडचे. एकुलती एक लेक, शिकलेली, आधी दोन ठिकाणी जमता जमता राहिलेलं. ‘तुमी सुकुमारला घिऊन दिसभर मळ्यात थांबा. तितं खोली हाय, पंखा हाय. जेवान पाठवतो.’

‘पाहुण्यांना माहीत नाही?’

‘लोक रक्त बगत्यात ताई. माज्या पोरीला पोर हुईल ते असं निघंल म्हनत्यात. दोनदा त्यानंच मोडलंय.’ आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘त्येला आनायचा म्हनून पावण्यांची तारीख फिरवाय बघितली. जमलं न्हाय. मी काय वाईट मानूस न्हाय.’

मला ते वाईट वाटलेही नाहीत. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

मळा

सकाळी दव असतानाच आम्हाला मळ्यात सोडलं. विहिरीजवळ पत्र्याची खोली, त्यात एक बाज, खताची पोती. ऊस तोडणीला आलेला होता, पण टोळी अजून यायची होती. तीन बाजूंनी पुरुषभर उंचीच्या वर ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता.

सुकुमारला ती जागा माहीत होती. तो थेट विहिरीपाशी गेला, तिथून गोठा जिथे असावा तिथे. आता तिथे नुसता चौथरा होता. चौथऱ्यावर उभा राहून त्यानं हाक मारली, ‘अव्वा.’ ही हाक संस्थेतल्यासारखी तोंडातल्या तोंडात नव्हती. शेतात लांबच्या माणसाला घालतात तशी होती, शेवटी ओढलेली. उसातून एक पाखरांचा थवा उठला, एवढंच.

मी पिशवी ठेवायला खोलीत वळले. बाहेर आले तर चौथरा रिकामा. उसाच्या कडेला पानं हलत होती.

मी त्याच्या मागे आत शिरले. उभ्या उसात जाणं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. हात पुढे केला की हातच दिसेनासा होतो. पाती करवतीसारखी, गालांवर, मनगटांवर ओरखडे काढत होती. खाली वाळलेल्या पानांचं पाचट इतकं की पाय कशावर पडतोय कळत नव्हतं. मी सुकुमारला हाका मारत होते आणि तो आईला. त्याचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी मागून. त्या दिवशी सकाळची गोळी त्यानं थुंकली होती. दुसरी दिली होती, पण ती पोटात किती गेली याची मला खात्री नव्हती. इथे त्याला फिट आली आणि तो पाण्याच्या पाटात तोंडावर पडला तर मला सापडायचासुद्धा नाही, हे मनात आलं आणि मी आणखी जोरानं हाका मारायला लागले. मग त्याचा आवाज बंद झाला.

मी थांबले. श्वास धरून ऐकलं. उसाच्या पानांची सळसळ आणि रस्त्यावरून गेलेल्या एका गाडीचा आवाज. पाहुण्यांची असावी.

शेवटी काय सुचलं कोण जाणे, मी त्याला नावानं हाक मारणं सोडलं आणि त्याच्यासारखीच ओढून हाक घातली, ‘अव्वा.’

‘ओ,’ अगदी जवळून आवाज आला.

तो उसाच्या दोन सऱ्यांपलीकडे उकिडवा बसला होता. हातांवर, कपाळावर रक्ताच्या बारीक रेघा, सदरा खांद्यावर फाटलेला. मला बघून त्याचा चेहरा पडला. हाक आईची असेल असं त्याला वाटलं होतं. मला त्याच्याजवळ पोचायचं होतं म्हणून मी हाक मारली, पण त्याच्या दृष्टीनं मी त्याला फसवलं होतं. तो रडला. मोठा माणूस उसात बसून लहान मुलासारखा रडतो तेव्हा कुशीत घेता येत नाही, जागाच नसते. मी त्याचा हात धरून बसून राहिले. मग उसाच्या रांगेचा अंदाज घेत आम्ही बाहेर आलो.

दुपारी त्यानं भाकरी खाल्ली नाही. विहिरीच्या पाण्यानं मी त्याचे हात धुतले.

पेढे

ऊन कलताना गाडी आली. घरी पाहुणे येऊन गेले होते आणि मुलगी पसंत पडली होती. भूपाल मोकळे दिसत होते. त्यांनी सुकुमारच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, आणि कपाळावरचे ओरखडे बघून तोंड फिरवलं.

म्हातारीनं मला बोलावून घेतलं. ‘त्येला हितं बशीव. माज्याकडं बगू दे न्हायतर नगो. नुसता बशीव.’

मी कॉटजवळ चटई टाकली आणि सुकुमारला पेढे खायला बसवलं. तो तिच्याकडे पाठ करून बसला. ती त्याच्या पाठीकडे बघत होती, फाटलेल्या सदऱ्यातून दिसणाऱ्या खांद्याकडे. भूपाल आणि वहिनी दाराशी होते. तिला काय करायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तिनं उजवा हात छातीशी नेला. दुसरा हात उचलत नव्हता, त्यामुळे जोडता आले नाहीत. ती काही बोलणार तेवढ्यात सुकुमारच वळला आणि त्यानं तिला विचारलं,

‘अव्वा कुटं हाय?’

दाराशी भूपाल पुढे सरकले. म्हातारीनं बोटानं त्यांना थांबवलं.

‘मळ्याला गेलीया,’ ती म्हणाली.

‘मळ्यात न्हाय.’

‘वरच्या मळ्याला. लांब हाय त्यो.’

सुकुमारनं हे ऐकून घेतलं. ‘कवा येती?’

‘ऊस गेला की येती.’ तिचा श्वास लागला, ती थांबली. मग म्हणाली, ‘तुजी अव्वा जाताना मला सांगून गेली, सुक्या आला की सांग म्हनली. माजं चुकलं म्हन. त्येला लांब धाडाय नगो हुतं म्हन. मी आडवी पडाय पायजे हुतो म्हनली गाडीम्होरं. सुक्याला सांग, क्षमा कर म्हन.’

तो तिच्या तोंडाकडे बघत होता, ओघळलेल्या बाजूकडे. त्याला किती कळलं ते मी सांगू शकत नाही.

‘करशील?’ तिनं विचारलं.

‘व्हय,’ सुकुमार म्हणाला.

मग त्यानं पुड्यातला पेढा घेतला, अर्धा तोडला आणि तिच्या तोंडाशी धरला. संस्थेत आम्ही शिकवतो, शेजारच्याला दिल्याशिवाय खायचं नाही. तो शेजारणीला देत होता. वहिनी पटकन म्हणाल्या, ‘आरं, त्या गोड खात न्हाईत.’ पण म्हातारीनं तोंड उघडलं होतं. पेढा तिच्या जिभेवर बराच वेळ राहिला. तिला नीट गिळता येत नव्हतं, मी पाण्याचा चमचा दिला. सगळा गिळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती.

बाहेर उजेड संपत आला होता. त्या घरात मग कोणी काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सुकुमार निरोप घ्यायला आत गेला नाही, आणि तिनंही त्याला बोलावलं नाही. वहिनींनी माझ्या पिशवीत काकवीची बाटली ठेवली. मुरगूडच्या स्टँडवर भूपालनी भावाच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. ‘लग्नाला बोलवाय येनार न्हाय, ताई. समजून घ्या,’ म्हणाले. मी समजून घेतलं, असं म्हणणं खोटं होईल. मी मान हलवली.

जळगाव

परतल्यावर मी आमच्या सगळ्या बायांना अव्वाचा अर्थ सांगितला. आता संध्याकाळी त्यानं हाक मारली की कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसतं. त्यापलीकडे आम्हालाही काही करता येत नाही.

उन्हाळा लागायच्या आधी भूपाल यांचा फोन आला. आई गेली. शेवटचे काही दिवस तिनं फक्त पाणी ठेवून बाकी सगळं बंद केलं होतं. गेली शांतपणे, म्हणाले. आणि विचारलं, ‘त्येला सांगनार का?’

मोठ्या बाईंचं म्हणणं पडलं, सांगून उपयोग काय, तो तिला आई मानतच नव्हता. मला ते पटलं नाही. माणूस गेल्याचं कळण्याचा हक्क त्यालाही आहे, असं मी म्हणाले. दुपारी जेवणं झाल्यावर त्याच्या खाटेवर बसले आणि सांगितलं, ‘सुकुमार, गावाकडची ती आजी होती ना, कॉटवरची? ती वारली.’

तो वर पंख्याकडे बघत राहिला. मला वाटलं कळलं नाही. मग त्याचा खालचा ओठ हलायला लागला. त्या म्हातारीसाठी तो रडला, आवाज न करता, सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसत. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

रडून झाल्यावर त्यानं माझी ओढणी धरली.

‘तायी,’ तो म्हणाला, ‘अव्वाला सांग.’

‘सांगते,’ मी म्हणाले.